तिसऱ्या हाकेचा खडक

तो समोर काळा दिसतोय ना, बर्फातून खांद्यापर्यंत वर आलेला, तोच. दहा मिनिटांत पोचू असं प्रत्येकाला वाटतं. वाटू द्या. निघालात तर दोन तास चालाल आणि तो तेवढाच लांब दिसेल. झाड नाही, घर नाही, विजेचा खांब नाही. डोळ्यानं अंतर मोजायचं तरी कशाशी लावून? जवळ गेलं की कळतं, चांगला चार मजली खडक आहे. अलीकडे उभा कडा, पलीकडे वाऱ्यानं कोरलेला खळगा. त्या खळग्यात माणूस पाय पोटाशी घेऊन बसला, तर कड्याच्या बाजूनं तो दिसत नाही. नकाशावर या खडकाचं नाव 'तिसरी हाक' असं छापलंय. चुकून नाही, पुरता विचार करून छापलंय.

नवी तुकडी आली की हे नाव वाचून कुणीतरी हसतंच. हसा बापडे. पण मग आजूबाजूची नावंही वाचा आणि पोट धरून हसा. पृथ्वीच्या या तळाशी मूळचं माणूस कधी नव्हतंच. त्यामुळे वाडवडिलांकडून आलेलं नाव नाही, गावकीनं ठेवलेलं नाही. जो पहिला आला त्यानं खिशातून एक नाव काढलं आणि डोंगराला लावून टाकलं. कुणी आपल्या राजाचं लावलं, कुणी जहाजाला कोळसा पुरवणाऱ्या शेटजीचं, कुणी घरी वाट बघणाऱ्या बायकोचं. एका टेकडीला म्हणे कुत्र्याचं नाव आहे. ते कुत्रं निदान इथे चाललं तरी होतं. राजानं बर्फ पाहिला असेल तो सरबतात.

पुढे याला शिस्त आली. आता नावं ठरवायला समिती असते, छापील अर्ज असतो. जागा कुठे आहे ते लिहायचं, नाव लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात त्या नावाचं कारण लिहायचं. नाव मंजूर झालं की ते कारणासकट नामसूचीत छापतात आणि तिथून ते सगळ्यांच्या नकाशांवर जातं. एकदा गेलेलं नाव सहसा कुणी पुसत नाही. या खडकाची गोष्ट त्या शेवटच्या रकान्याची आहे, असं जुने लोक सांगतात.

हे ठाणं तेव्हा नव्हतं. जुनं ठाणं पार पलीकडे होतं. ते आता बर्फाखाली गेलंय. काल तुम्ही त्याच्या छपरावरून चालत आलात आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही. त्या ठाण्यावर सिद्राम शेंडगे नावाचा मोजणीदार होता. सांगोल्याकडचा, धनगराच्या घरातला. माळावर वाढलेला, त्यामुळे मोकळ्या जागेचं आपल्याला भय नाही असं तो छाती काढून सांगायचा. नकाशा काढायचं काम त्याचं, आणि जो नकाशा काढतो तोच नावं सुचवतो. शेंडग्यानं नावांचा नुसता सपाटा लावला होता. जिथे थर्मास फुटला तो उंचवटा 'थर्मास'. जिथे गाडी रुतून दोन दिवस सगळे अडकले ती घळ 'सासुरवाडी'. हातात पेन्सिल असली की माणसाला सगळा मुलूख आपल्या बापाचा वाटायला लागतो, त्याचंही तसंच झालं होतं.

त्याचा जोडीदार पुंडलिक तारी. देवगडकडच्या एका खाडीवरचा, दर्यावर पोट असलेल्या घरातला, आणि इथे जनित्रं आणि बर्फगाड्या सांभाळणारा मेकॅनिक. दोघांच्या खाटा वरखाली होत्या. ठाण्यावर मराठी बोलणारे हे दोघेच, म्हणून दिवसभर एकमेकांना बोलून घ्यायचे. "तुझ्या गावात पाणी नाय, म्हणान तू हंय बरफ बघूक इलंस काय रे?" असं तारी विचारायचा. शेंडगे म्हणायचा, "आणि तुझ्या गावात पाण्याशिवाय काही नाही, म्हणून तू इथे जमीन शोधायला आलास. तीही मिळाली नाही." हसून हसून दोघं दमायचे. इथे सहा महिने राहिलात की कळेल, आपल्या भाषेत शिवी देणारं माणूस जवळ असणं ही काय चीज असते.

एकदा जेवणाच्या टेबलावर भुताखेतांच्या गप्पा निघाल्या. तेव्हा तारीनं त्याच्या गावची एक रीत सांगितली. अवेळी, ओसाड जागी कुणी नाव घेऊन हाक मारली, तर लगेच ओ द्यायची नाही. पहिली हाक कुणीही मारू शकतं, दुसरीही. तिसरी हाक मात्र फक्त माणूसच मारतो. दुसरं जे काही असतं त्याला तिसरी येत नाही. समुद्रावर धुक्यात होडी हरवली तरी किनाऱ्यावरचे लोक तीन हाका मारतात, आणि होडीतले तिसरीची वाट बघतात. "तिसरी हाक येयसर ओ देवची नाय," तारी म्हणाला, "आणि नाय इली, तर थंय थांबूचा पण नाय. उठून उलट्या दिशेन चालूक लागायचा."

शेंडगे खो खो हसला. "आमच्या माळावर एका हाकेत मेंढरू येतं रे. तुम्ही माणसं असून तुम्हाला तीन लागतात?" सगळं टेबल हसलं, तारीही हसला. आणि गोष्ट तिथेच राहिली.

मार्च महिना होता. जहाज निघून गेलं होतं, आता पुढचं माणूस दिसणार ते थेट वर्षाअखेरीला. सूर्य रोज थोडा थोडा खाली बसत होता. हा खडक तेवढा नकाशावर घ्यायचा राहिला होता, म्हणून शेंडगे आणि तारी सकाळी बर्फगाडी घेऊन निघाले. आकाश निरभ्र, वारा नावाला. कड्याच्या बाजूला गाडी उभी करून शेंडग्यानं दुर्बीण मांडली. तारी मोजणीची काठी घेऊन खडकाला वळसा घालून पलीकडे गेला. जाताना ओरडून म्हणाला, "ह्येका तरी बरा नाव दी रे!" शेंडग्यानं हात हलवला.

त्यानंतर अर्ध्या तासात इथे जे होतं ते झालं. ते तुम्ही अजून पाहिलेलं नाही. प्रकाश तसाच राहतो, पण आकाश आणि जमीन यांतली रेघ जाते. सावल्या जातात. आपण उभे आहोत की पडतोय ते कळत नाही. दुधाच्या पातेल्यात बुडाल्यासारखं होतं. भर दुपारी शेंडग्याला स्वतःचे बूट दिसेनात. आणि मागून वारा आला, बर्फाचा चुरा घेऊन.

नियम असा की गाडी सोडायची नाही. शेंडग्यानं दोरीचं एक टोक गाडीला बांधलं, दुसरं कमरेला, आणि दोरी संपेपर्यंत तो पुढे गेला. दोनशे हात दोरी होती. दोरी ताणली तिथे तो थांबला, हाताचा आडोसा केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "पुंडलिकाऽऽ!"

काही नाही. वारा तेवढा.

थोडं थांबून, दिशा बदलून, त्यानं पुन्हा हाक मारली. "पुंडलिकाऽऽ!"

तरी काही नाही. त्यानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं. का मिटलं, हे त्यानं पुढे एकाच माणसाला सांगितलं, आणि तिथून ते आपल्यापर्यंत आलं. घसा गेला नव्हता. दम उरला नव्हता असंही नाही. तो भ्याला होता. दोन हाकांना ओ आली नव्हती. तिसरीलाही आली नाही, तर मग या एवढ्या पांढऱ्यात आपण खरोखरच एकटे आहोत, हे कायमचं ठरणार. हाक मारली नाही तर ते ठरत नाही. तोवर तारी कुठेतरी आहे, येईल, असं म्हणता येतं. म्हणून तो हाक न मारता वळला आणि दोरी धरून गाडीत येऊन बसला.

तासाभरानं बोटांत जीव आल्यावर त्याला टेबलावरची ती गोष्ट आठवली. शेंडगे ताडकन उठला, त्यानं गाडीचं दार उघडलं. वाऱ्यानं दार हातातून हिसकावलं आणि त्याला आत फेकलं. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. मग तो गाडीच्या काचेला तोंड लावून आतूनच ओरडत राहिला म्हणतात. ते ओरडणं गाडीच्या बाहेरसुद्धा गेलं नसेल.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. ठाण्यावरून माणसं आली. खडकाच्या पलीकडे, त्या खळग्यात, कुणीतरी बराच वेळ बसल्याची जागा सापडली. बर्फ दाबून घट्ट झाला होता. बिस्किटाच्या पुड्याचा कागद होता आणि मोजणीची काठी शेजारी नीट उभी रोवलेली होती. शेंडग्याची दोरी जिथे संपली होती, तिथून ती जागा चाळीस पावलांवर होती. त्यानं स्वतः पावलं टाकून मोजलं. चाळीस पावलं, आणि वारा शेंडग्याकडून तारीकडे वाहत होता. हाक ऐकू न जायला काही कारणच नव्हतं.

खळग्यातून पावलं निघाली होती. इथे पावलांची तऱ्हा निराळी असते. पायाखालचा बर्फ दाबून कडक होतो, भोवतालचा भुसभुशीत बर्फ वारा खरवडून नेतो, आणि पाऊल खोल न राहता वर उठून उभं राहतं, पाटावर काढलेल्या ठशासारखं. तशी तारीची पावलं ओळीनं उभी होती. घाबरलेल्या माणसाची वेडीवाकडी नव्हती. सारख्या अंतराची, सरळ, ठरवून टाकलेली होती. आणि ती हाकेच्या उलट दिशेनं, बर्फाच्या कड्याकडे, समुद्राकडे गेली होती. पुढे नव्या बर्फाखाली ती नाहीशी झाली. तीन दिवस शोधलं. तारी सापडला नाही.

शेंडग्याला कुणी बोल लावला नाही. "तू गाडी सोडली नाहीस हेच बरोबर केलंस," असं ठाण्याचे प्रमुख त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. नोंदवहीत त्यानं लिहिलं, 'वारंवार हाका मारल्या. प्रतिसाद नाही.' वारंवार. तो एक शब्द लिहिला आणि पुढचे आठ महिने त्याला तो शब्द गिळवेना की थुंकवेना.

मग सूर्य गेला. दोन महिने तो उगवलाच नाही. खालची खाट रिकामी होती. तिथे दुसऱ्या कुणी झोपायला नकार दिला आणि शेंडग्यानंही कुणाला झोपू दिलं नसतं. ठाण्यावर माणसं होती, पण मराठीत बोलायला आता कुणी उरलं नव्हतं. म्हणे तो आरशासमोर दाढी करताना स्वतःशीच तारीच्या बोलीत बोलायचा. माळावरच्या माणसाला मोकळ्या जागेचं भय नसतं म्हणणारा हा गडी, ठाण्याच्या दारापासून दहा पावलंसुद्धा एकटा जाईनासा झाला.

हिवाळ्यातच प्रमुखांनी सुचवलं, की त्या खडकाला तारीचं नाव द्यावं. सगळ्यांना पटलं. शेंडग्यानं अर्ज भरला. 'तारी खडक.' कारणाच्या रकान्यात, कर्तव्य बजावताना इथे बेपत्ता झालेल्या सहकाऱ्याच्या स्मरणार्थ. चांगलं नाव होतं, मोठेपणाचं होतं. त्याखाली दोन हाका कायमच्या गाडल्या गेल्या असत्या, कुणाला कधी कळलं नसतं. मेलेल्या माणसाचं नाव द्यायचं तर घरच्यांची संमती लागते, तेवढीच एक सही राहिली होती.

म्हणून जहाजानं परत आल्यावर शेंडगे तो अर्ज घेऊन खाडीवरच्या त्या गावात गेला. तारीचा बाप, बाबल तारी, म्हातारा तांडेल होता. चाळीस वर्षं होडीच्या सुकाणूवर बसलेला माणूस. तो पुळणीवर माडाच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसला होता. शेंडगे त्याच्यासमोर वाळूत बसला आणि त्यानं अर्ज वाचून दाखवला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. हातातली सुई थांबली नाही.

"तेका किती येळा हाक मारलास?" एवढंच त्यानं विचारलं.

शेंडग्यानं तोंड उघडलं. 'वारंवार' हा शब्द जिभेवर आलाही होता. पण त्या पोराचा बाप समोर बसलेला, आणि ते दोन डोळे. "दोन," तो म्हणाला. आणि मग सगळंच सांगितलं. टेबलावरची गोष्ट, आपलं हसणं, दोरी, चाळीस पावलं, तोंड का मिटलं ते. सांगता सांगता तो रडला. मोठ्यानं रडला, लहान पोरासारखा, पुळणीवरचे लोक बघत असताना.

बाबलची सुई आता थांबली होती. त्यानं शिवी दिली असती तर शेंडग्याला बरं वाटलं असतं. शेवटी म्हातारा म्हणाला, "तेचा नाव थंय देव नकात."

शेंडग्याला वाटलं, रागानं म्हणतोय. पण तसं नव्हतं. म्हाताऱ्याच्या हिशेबी गोष्ट साधी होती. खडकाला पोराचं नाव दिलं, की तिथे येणारा प्रत्येक माणूस ते नाव घेणार. "जो येतलो तो तेका हाक मारतलो, आणि तो थंयच ओ दीत बसतलो. मगे घराक कधी येतलो?" असं म्हणताना म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदा हलला.

मग त्यानं समोर हात केला. भरती ओसरत होती, पाण्याखालची खडपं, म्हणजे तिथले खडक, वर येत होती. ती बघ, ती 'घाई'. तिथे एक होडी ओहोटीची वाट न बघता घुसली आणि फुटली. पलीकडची 'डुलकी'. तिथे सुकाणूवरच्या माणसाचा डोळा लागला होता. ती टोकाची 'भांडण'. दोघे भाऊ भांडत राहिले आणि खडप बघायचं विसरले. "आमी खडपाक मेलल्याचा नाव देनव नाय," म्हातारा म्हणाला. "झाली ती चुकी, तिचा देतव. मेलल्याचा नाव घेवन कोण वाचणा नाय. चुकीचा नाव घेतल्यार मागसून येणारो सांभाळून जाता."

शेंडगे त्या काळ्या खडपांकडे बघत राहिला. त्याच्या हातातून आजवर कितीतरी नावं गेली होती, पण नाव कशासाठी असतं ते त्याला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि ती तिसरी हाक ऱ्हवली हा," निघताना बाबल म्हणाला. "ती मारूक व्हयी. मारा, आणि घराक चल म्हणान सांगा तेका."

पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही, असं शेंडग्यानं जहाजातून उतरतानाच ठरवलं होतं. घरच्यांनीही त्याच्याकडून शब्द घेतला होता. तरी पुढच्या मोहिमेसाठी त्यानं नाव दिलं. तब्येतीच्या तपासणीत नाकारला गेला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा दिलं. तेव्हा निवड झाली. जहाजावर तो कुणाशी फारसा बोलायचा नाही, आणि अर्जाचा एक कोरा कागद सतत खिशात बाळगायचा.

तो दिवस स्वच्छ होता, वारा अजिबात नव्हता, असं सांगतात. सोबत आलेल्यांना त्यानं गाडीपाशी थांबवलं आणि तो एकटा कड्याकडे चालत गेला. त्याची दोरी पूर्वी जिथे संपली होती ती जागा त्याला बरोबर सापडली. तिथे तो पुष्कळ वेळ नुसता उभा राहिला. इथली शांतता तुम्ही अजून ऐकलेली नाही. आपल्याच कानातलं रक्त वाहताना ऐकू येतं. त्या शांततेत हाक मारायला केवढी छाती लागते, ते त्या दिवशी गाडीपाशी थांबलेल्यांना कळलं.

"पुंडलिकाऽऽ!"

हाक कड्यावर गेली. खडकानं ती परत दिली नाही, बर्फानं पिऊन टाकली. शेंडगे थांबला. ज्या गोष्टीला भिऊन त्यानं तीन वर्षांपूर्वी तोंड मिटलं होतं, तीच झाली. ओ आली नाही. तो एकटाच होता, आणि ते आता ठरलं होतं. पण पळावंसं त्याला वाटलं नाही. ऐकणारा आहे असं धरून तो नेहमीच्या बोलण्यातल्या आवाजात म्हणाला, "अरे, मला उशीर झाला. घराक चल." एवढं बोलून तो वळला आणि मागे न बघता गाडीपर्यंत आला.

याच्या पुढे दोन तऱ्हांनी सांगतात. काहींचं म्हणणं असं, की परतल्यावर शेंडगे खाडीवर गेला तेव्हा त्यानं तोंड उघडायच्या आतच बाबल म्हणाला, "इलो तो." एका दुपारी जाळं विणताना पडवीची पायरी वाजली, म्हातारा उठला, आणि त्या दिवसापासून त्यानं दारात वाट बघणं सोडलं. ती दुपार आणि इथली हाक एकाच दिवशीची होती म्हणे. दुसरे सांगतात, म्हाताऱ्यानं दुपार कुठली ते सांगायला सुरुवात केली आणि शेंडग्यानं त्याला मध्येच थांबवलं. तारखा जुळवून बघायची त्याला इच्छा नव्हती. तो नुसता म्हाताऱ्याशेजारी बसला आणि त्यानं जाळ्याचं एक टोक धरून ठेवलं.

अर्जाबाबत मात्र कुणाचं दुमत नाही, कारण तो कागद आहे. नाव, 'तिसरी हाक'. कारणाच्या रकान्यात शेंडग्यानं लिहिलं होतं, 'इथे एका माणसाला दोनच हाका मारल्या गेल्या. मारणारा सिद्राम शेंडगे.' समितीवाले चक्रावले. नावं गौरवासाठी असतात हो, त्यांनी कळवलं. हे कारण बदला, काहीतरी बरं लिहा. त्यानं बदललं नाही. मग त्यांनी नियमावर बोट ठेवलं, की जिवंत माणसाचं नाव नामसूचीत छापता येत नाही. शेंडग्यानं उलट टपाली लिहिलं, 'मग मी मरेपर्यंत थांबा आणि मग छापा.' पहिल्या आवृत्तीत म्हणून पहिलंच वाक्य आलं. शेंडगे म्हातारा होऊन सांगोल्याला वारला, त्याच्या मुलीनं समितीला पत्र घातलं, आणि नंतरच्या आवृत्तीत दुसरं वाक्यही आलं. राजे, शेटजी, सेनापती अशी सगळी मोठमोठी नावं त्या सूचीत आहेत. आपली चूक स्वतःच्या नावासकट छापून घेणारा त्यात दुसरा कुणी सापडायचा नाही.

आजही या बाजूला कुणी नजरेआड झालं, तर इथली माणसं तीन हाका मारतात. रशियन ठाण्यावरचे त्यांच्या भाषेत मारतात, केरळचे त्यांच्या. का ते त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसतं. हवा स्वच्छ असली आणि माणूस समोर दिसत असला तरी तीन मारतात. आणि वादळात, दोरीच्या टोकाशी, दोन हाका वाया गेल्यावर तीच भीती येते, ती कुणाला चुकलेली नाही. आता ओ आलीच नाही तर, असं वाटतं. तोंड मिटावंसं वाटतं. तेव्हा डोळे मिटून घ्यायचे, छाती भरून घ्यायची आणि तिसरी मारायची. ओ येवो न येवो.